गजबजलेल्या कार्यस्थळांतील ॲक्सेस पॉइंट : निवडीचा इतिहास व कसोट्या

कोणतेही यंत्र निवडताना त्याचा इतिहास जाणण्याची आवश्यकता असते काय, असा प्रश्न विचारला असता व्यवहारी मनुष्य बहुधा नकारार्थी उत्तर देईल. यंत्राचे गुण त्याच्या माहितीपत्रकात छापलेले असतात, किंमत दरपत्रकात असते, आणि या दोहोंची सांगड घातली की निवड झाली, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि काही यंत्रे अशी असतात की, त्यांचे सामर्थ्य त्यांच्या अंगी नसून ज्या सामायिक वस्तूचे ती वाटप करतात तिच्या मर्यादेत असते. कार्यालये, ग्रंथालये, न्यायालये व कारखाने यांच्या छतांना आढळणारी, ज्यांस व्यवहारात ॲक्सेस पॉइंट म्हणतात ती बिनतारी यंत्रे या प्रकारची होत. त्यांचा इतिहास हा वेगवृद्धीचा इतिहास म्हणून सांगण्याची प्रथा आहे. वस्तुतः तो एका मर्यादित तरंगपट्ट्याच्या वाटपाचा इतिहास आहे, आणि तो तसा वाचल्यावाचून निवडीच्या कसोट्या हाती लागत नाहीत, हे दाखविणे हा प्रस्तुत विवेचनाचा हेतू होय.

१. नगरीचा पूर्वानुभव

सामायिक साधनाचे वाटप हा प्रश्न छत्रपती संभाजीनगरास नवा नाही. १६१० साली मलिक अंबराने खडकी येथे वसविलेल्या, १६५३ पासून औरंगाबाद या नावाने ओळखल्या गेलेल्या आणि २०२३ साली सध्याचे नाव धारण केलेल्या या नगरीस पाणी पुरविण्यासाठी सतराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात नहर-ए-अंबरीची योजना झाली. उत्तरेकडील डोंगराळ भागातील भूजल भूमिगत मार्गाने शहरात आणावे आणि वाटेत ठिकठिकाणी मनोरे उभारून पाण्याचा दाब विभागावा, कोंडलेली हवा बाहेर काढावी व तेथून पाणी पुढे वाटावे, अशी ती रचना होती. या योजनेचे मर्म उगमाच्या विपुलतेत नव्हते. एकच प्रचंड हौद बांधून सर्व नगरजनांना तेथे येण्यास भाग पाडण्याऐवजी माफक क्षमतेची अनेक वाटपस्थाने योग्य अंतरावर उभारावी, हा तिचा मूलविचार होता.

जलवाहिनी व तरंगपट्टा यांची तुलना एका मर्यादेपलीकडे ताणणे युक्त नव्हे. पाणी उपसल्याने कमी होते. तरंगपट्टा वापराने झिजत नाही. परंतु त्याचा गेलेला क्षण परत येत नाही, आणि एका क्षणी एका वाहिनीवर एकाच ठिकाणी एकालाच बोलता येते. म्हणून येथे वाटप व्हावयाचे ते काळाचे. हा मुद्दा ध्यानी ठेवला म्हणजे पुढील इतिहास सुगम होतो.

बिनतारी लहरींशीही या नगरीचा संबंध जुना आहे. हैदराबाद संस्थानाच्या नभोवाणीचे एक केंद्र औरंगाबाद येथे होते. स्वातंत्र्योत्तर विलीनीकरणात म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद व बडोदे येथील संस्थानी केंद्रांबरोबर तेही ऑल इंडिया रेडिओकडे आले. परंतु नभोवाणीत एकाने बोलावयाचे व सहस्रांनी ऐकावयाचे असते. श्रोते वाढले म्हणून प्रक्षेपकावर भार वाढत नाही. फार तर त्याची शक्ती वाढवून क्षेत्र विस्तारावे लागते. बिनतारी यंत्राची थोरवी त्याच्या शक्तीवरून मोजण्याची जी सवय समाजमनास जडली, तिचे मूळ या एकतर्फी व्यवहारात असावे. जेथे प्रत्येक श्रोता वक्ताही असतो, तेथे ही मोजपट्टी निरुपयोगी ठरते.

२. वाटपाच्या नियमांचा उदय

अनेकांनी एकाच वाहिनीवर बोलावयाचे कसे, या प्रश्नाचे पहिले महत्त्वाचे प्रायोगिक उत्तर हवाई विद्यापीठात मिळाले. नॉर्मन अब्रॅमसन व त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली अलोहानेट नामक जाळे कार्यान्वित केले. निरनिराळ्या बेटांवरील संगणक-अग्रे मध्यवर्ती संगणकाशी रेडिओलहरींनी जोडावयाची होती. नियम अत्यंत साधा होता : ज्याला संदेश पाठवावयाचा असेल त्याने तो पाठवावा, पोच न मिळाल्यास दोन संदेशांची टक्कर झाली असे समजून, यदृच्छेने ठरलेल्या अवधीनंतर पुन्हा पाठवावा. या पद्धतीचे गणित मांडता असे निष्पन्न झाले की, वाहिनीच्या एकूण क्षमतेपैकी अधिकात अधिक १८.४ टक्के क्षमताच उपयोगी पडते. काळाचे ठराविक तुकडे पाडून प्रत्येक संदेश तुकड्याच्या आरंभीच सुटेल अशी शिस्त लावली तर हे प्रमाण दुप्पट, म्हणजे ३६.८ टक्के होते. शक्ती तीच, वाहिनी तीच. केवळ शिस्तीने फळ दुणावले. या क्षेत्राच्या इतिहासातील हा पहिला धडा होय.

दुसरा टप्पा कायद्याचा आहे. अमेरिकेच्या संघीय दळणवळण आयोगाने १९८५ साली ९०२ ते ९२८, २४०० ते २४८३.५ आणि ५७२५ ते ५८५० मेगाहर्ट्झ या पट्ट्यांत, शक्तीची मर्यादा पाळून, परवान्यावाचून दळणवळण करण्यास अनुमती दिली. हे पट्टे तोवर मुख्यत्वे औद्योगिक, वैज्ञानिक व वैद्यकीय उपकरणांसाठी राखलेले होते, आणि स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही याच शेजारात काम करीत असे. दळणवळणाच्या दृष्टीने कमी प्रतीची मानलेली ही जागा सर्वांस खुली झाली.

या संधीचा लाभ प्रथम घेणाऱ्यांत एनसीआर ही रोकडनोंद यंत्रे बनविणारी कंपनी होती. दुकानातील मांडणी बदलली की यंत्रांच्या तारा पुन्हा ओढाव्या लागत. तो खर्च टाळण्यासाठी तिच्या नेदरलँड्समधील अभियंत्यांनी वेव्हलॅन ही बिनतारी योजना सिद्ध केली. बिनतारी जाळ्याचा जन्म घरगुती सोयीतून न होता गजबजलेल्या कार्यस्थळाच्या गरजेतून झाला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. १९९० साली व्हिक हेज यांच्या अध्यक्षतेखाली ८०२.११ समितीचे कार्य सुरू झाले व १९९७ साली पहिले मानक प्रसिद्ध झाले. त्याचा वेग सेकंदास १ ते २ मेगाबिट इतकाच होता. १९९९ च्या ८०२.११ बी ने तो ११ वर नेला. २००३ चे जी, २००९ चे एन, २०१३ चे एसी व २०२१ चे एएक्स ही मानके त्यामागून आली.

या सर्व मानकांचा पाया ‘आधी ऐकावे, मग बोलावे’ हा नियम आहे. प्रत्येक उपकरण वाहिनी मोकळी आहे की नाही हे ऐकते, यदृच्छेने ठरलेला अल्पकाळ थांबते व नंतर बोलते. या नियमात दोन वैगुण्ये आहेत. पहिले असे की, एकाच ॲक्सेस पॉइंटच्या दोन टोकांस असलेली उपकरणे परस्परांचे ऐकू शकत नाहीत; दोघांसही वाहिनी मोकळी वाटते आणि टक्कर होते. दुसरे अधिक सूक्ष्म आहे. नियम सर्वांना समान पाळ्या देतो, समान काळ देत नाही. १५०० बाइटांचा संदेश ११ मेगाबिट वेगाने सुमारे १.१ मिलिसेकंदात जातो. तोच १ मेगाबिट वेगाने जाण्यास १२ मिलिसेकंद लागतात. ग्रेनोबल येथील संशोधकांनी २००३ साली दाखवून दिले की, कोपऱ्यातील एकच मंद उपकरण त्या कक्षेतील सर्व वेगवान उपकरणांना आपल्या गतीवर खेचून आणते. दूरवर पोहोचणारे एकच यंत्र बसविणे म्हणजे असे दूरस्थ व मंद भागीदार स्वहस्ते गोळा करणे होय.

३. भारतातील परवानापद्धती

भारतात तारायंत्राचा १८८५ चा व बिनतारी तारायंत्राचा १९३३ चा कायदा यांनी रेडिओलहरींवर शासनाची पूर्ण सत्ता प्रस्थापित केली होती. साधे बिनतारी उपकरण बाळगण्यासही परवाना आवश्यक असे. जानेवारी २००५ मध्ये निघालेल्या नियमांनी २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा, शक्तीच्या मर्यादेसह, परवानामुक्त केला. ५ गिगाहर्ट्झच्या शेजारातील काही भाग मात्र इमारतींच्या अंतर्भागापुरता मोकळा झाला. ऑक्टोबर २०१८ मध्ये या दुसऱ्या पट्ट्याचा विस्तार होऊन एकूण ६०५ मेगाहर्ट्झ इतकी जागा आत व बाहेर वापरण्यास खुली झाली. अमेरिकेने एप्रिल २०२० मध्ये ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १२०० मेगाहर्ट्झ मोकळे केले. भारतात ५९२५ ते ६४२५ मेगाहर्ट्झ या भागाविषयीच्या नियमांचा मसुदा मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. दरम्यान २०२३ चा दूरसंचार अधिनियम जुन्या दोन्ही कायद्यांची जागा टप्प्याटप्प्याने घेऊ लागला.

या तारखांचा यंत्राच्या निवडीशी प्रत्यक्ष संबंध आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याची रुंदी अवघी ८३.५ मेगाहर्ट्झ असून तीत परस्परांवर न चढणाऱ्या तीनच वाहिन्या मावतात. म्हणजे एका सभागृहात चौथे यंत्र बसविले की ते पहिल्या तिघांपैकी कोणाच्या तरी काळात भागीदार होते. ५ गिगाहर्ट्झच्या ६०५ मेगाहर्ट्झमध्ये २० मेगाहर्ट्झच्या सुमारे पंचवीस वाहिन्या बसतात. परंतु माहितीपत्रकावरील मोठा वेग मिळविण्यासाठी ८० मेगाहर्ट्झची रुंद वाहिनी वापरली, तर ही संख्या सहावर येते. त्यांतील काही वाहिन्या रडारशी वाटून घ्यावयाच्या असतात व रडारची चाहूल लागताच त्या सोडाव्या लागतात. वेग व वाहिन्यांची संख्या यांचे नाते असे व्यस्त आहे. दहा माणसांच्या कचेरीत रुंद वाहिनी शोभते. दोनशे माणसांच्या दालनात अरुंद वाहिन्या व अनेक यंत्रे हीच व्यवस्था हितावह ठरते.

४. निवडीच्या कसोट्या

उपरोक्त इतिहासावरून काही कसोट्या क्रमाने निष्पन्न होतात.

पहिली कसोटी शक्तीची नव्हे, समतोलाची आहे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते. यंत्राची शक्ती वाढविली तरी हातातील मोबाइलची शक्ती वाढत नाही. परिणामी मोबाइलवर रेंज पूर्ण दिसते, पण त्याचा क्षीण आवाज यंत्रापर्यंत पोहोचत नाही. यास्तव यंत्राची शक्ती सामान्य मोबाइलच्या शक्तीच्या आसपास ठेवावी व अंतर कमी करून यंत्रांची संख्या वाढवावी. नहरीच्या मनोऱ्यांमागील विचार येथे जसाच्या तसा लागू पडतो.

दुसरी कसोटी गणनेची आहे. उदाहरणादाखल दीडशे आसनांचे एक वाचनालय घ्यावे. प्रत्येकाजवळ मोबाइल व लॅपटॉप मिळून दोन उपकरणे धरली, तर ती तीनशे होतात. एका वेळी त्यांतील १२० कार्यरत असतात असे मानले व एका रेडिओवर तीस कार्यरत उपकरणांचा भार योग्य समजला, तर चार यंत्रे लागतात. आता दुसऱ्या अंगाने मोजावे. प्रत्येकास सरासरी २ मेगाबिट द्यावयाचे तर एकूण २४० मेगाबिट हवेत. एएक्स मानकाच्या दोन प्रवाहांच्या यंत्राचा २० मेगाहर्ट्झवरील छापील वेग सुमारे २८७ मेगाबिट असला, तरी गर्दीत त्यातील शंभर हाती आले तरी समाधान मानावे. या हिशेबाने तीन यंत्रे पुरतात. दोन्ही उत्तरांतील मोठे घ्यावे, म्हणजे चार. एखादे नादुरुस्त झाल्यास काम अडू नये म्हणून पाच. हे आकडे स्थळपरत्वे बदलतील. क्रम बदलणार नाही. चौरस फुटांवरून आरंभ करणारी गणना गोदामास योग्य, वाचनालयास अयोग्य.

तिसरी कसोटी मानकाची आहे. एएक्स मानकात एकाच क्षणी वाहिनीचे लहान भाग पाडून ते निरनिराळ्या उपकरणांस देण्याची सोय आहे; २० मेगाहर्ट्झच्या वाहिनीत असे नऊ भाग पडू शकतात. आधीच्या मानकांनी मुख्यत्वे एकट्याचा वेग वाढविला. याने गर्दीचा विचार अग्रभागी आणला. मात्र वापरणाऱ्यांची उपकरणे जुनी असतील तर हा लाभ अंशतःच पदरी पडतो. म्हणून खरेदीपूर्वी उपकरणांची पाहणी करणे अगत्याचे आहे.

चौथी कसोटी वास्तूची आहे. शहरातील जुन्या दगडी इमारतींच्या जाड भिंती ५ गिगाहर्ट्झच्या लहरी मोठ्या प्रमाणात शोषून घेतात. तेथे व्हरांड्यात यंत्र लावून दोन्ही बाजूंच्या खोल्या भागविण्याची कल्पना फसते. वाळूज, चिकलठाणा वा शेंद्रा येथील कारखान्यांत लोखंडी यंत्रे व पत्र्याची छपरे लहरी परावर्तित करतात. उंच छपराला लावलेले यंत्र दूरची कुजबुजही ऐकते आणि विनाकारण थांबत राहते. तेथे लहरी खाली एका दिशेस सोडणारा अँटेना आणि धूळ व उन्हाळ्याचा ताप सोसणारे आवरण असलेले यंत्र निवडावे लागते. नकाशावर खुणा करून भागत नाही. एक यंत्र तात्पुरते टांगून, मोजणी करून, मगच जागा निश्चित कराव्या.

पाचवी कसोटी पाठीमागील व्यवस्थेची आहे. बिनतारी यंत्राचे यश त्याच्यामागील तारेवर अवलंबून असते, हा विरोधाभास भासला तरी सत्य आहे. या यंत्रांना वीज बहुधा जाळ्याच्या केबलमधूनच मिळते. २००३ च्या मानकाने एका जोडणीवर १५.४ वॉट, २००९ च्या मानकाने ३० वॉट व २०१८ च्या मानकाने ९० वॉटपर्यंत वीज देण्याची सोय केली. यंत्रास ३० वॉट हवे असता स्विच जुना असेल, तर यंत्र चालू राहते पण त्यातील काही रेडिओ मंदावतात वा बंद पडतात. स्विचला यूपीएसचा आधार नसेल, तर वीज जाताच सारे दालन मुके होते.

सहावी कसोटी नियंत्रण व सुरक्षितता यांची आहे. प्रारंभी प्रत्येक यंत्र स्वतंत्र असे. पुढे एका नियंत्रकाच्या आज्ञेत अनेक यंत्रे ठेवण्याची पद्धत आली व २००९ साली तिच्यासाठी सामायिक संकेतही ठरले. त्यानंतर दूरस्थ क्लाउडवरून नियंत्रण करण्याचा प्रघात वाढला. चालता चालता एका यंत्राकडून दुसऱ्याकडे जाताना संभाषण तुटू नये यासाठी २००८ व २०११ च्या पूरक मानकांचा आधार यंत्रात असावा. सुरक्षिततेचा इतिहास विशेष उद्बोधक आहे. डब्ल्यूईपी या पहिल्या संकेतपद्धतीतील दोष २००१ साली उघडकीस आला. २००३-०४ मध्ये तिची जागा नव्या पद्धतींनी घेतली. २०१७ साली त्यांच्याही एका अंगातील छिद्र दिसले व २०१८ साली डब्ल्यूपीए-३ पुढे आले. सारांश, कोणतेही कुलूप कायमचे नसते. निर्माता किती वर्षे दुरुस्त्या पुरविणार आणि वार्षिक परवाना संपल्यास यंत्र चालू राहणार की नाही, हे दोन प्रश्न लेखी विचारल्यावाचून खरेदी करू नये. संपूर्ण कार्यालयास एकच पासवर्ड देण्यापेक्षा व्यक्तिगणिक ओळख पटविणारी पद्धत पत्करावी आणि पाहुण्यांचे जाळे वेगळे ठेवावे.

५. उपसंहार

या कसोट्यांचे महत्त्व केवळ तांत्रिक नाही. १९५८ साली स्थापन झालेले मराठवाड्याचे विद्यापीठ, १९८१ साली सुरू झालेले उच्च न्यायालयाचे खंडपीठ आणि २०१९ साली राष्ट्रास अर्पण झालेली शेंद्र्याची ऑरिक वसाहत अशा गर्दीच्या संस्था या नगरीत आहेत. सार्वजनिक संस्थेची खरेदी निविदेने होते आणि निविदेत जे लिहिले असेल त्यातील स्वस्त ते घ्यावे लागते. म्हणून खरा निर्णय दर उघडण्याच्या दिवशी होत नसून विनिर्देश लिहिण्याच्या दिवशी होतो. त्यात ‘अमुक मीटर पल्ला व तमुक गिगाबिट वेग’ एवढेच लिहिले, तर त्या अटी पुऱ्या करणारे, तथापि गर्दीत कोलमडणारे यंत्र नियमानुसार व निर्दोषपणे विकत घेतले जाते आणि पुढील कित्येक वर्षे छताला लटकत राहते. त्याची झळ प्रथम शेवटच्या बाकावरील विद्यार्थ्यास लागते. कारण जो अधिक दूर, त्याचा वेग कमी, आणि ज्याचा वेग कमी त्याच्यापायी इतरांचाही काळ खर्ची पडतो. याउलट ‘एका वेळी इतकी कार्यरत उपकरणे, प्रत्येकी इतका वेग, इतक्या वर्षांच्या दुरुस्त्या व बसविल्यानंतर गर्दीच्या वेळी प्रत्यक्ष मोजणी’ अशा अटी घातल्या, तर तेवढ्याच खर्चात अधिक न्याय्य व्यवस्था उभी राहण्याचा संभव वाढतो.

१९७१ पासून आजवर या क्षेत्रात खरी प्रगती जेव्हा जेव्हा झाली, तेव्हा तिचे कारण दोनांपैकी एक होते : एक तर सामायिक जागा अधिक खुली झाली, नाही तर तिच्या वाटपाची शिस्त सुधारली. निव्वळ शक्ती वाढविल्याने गर्दीचा प्रश्न सुटल्याचे उदाहरण या इतिहासात आढळत नाही. ॲक्सेस पॉइंटची निवड करणाऱ्याने किती लांब पोहोचेल हा प्रश्न मागे ठेवून, किती जणांना व कोणत्या न्यायाने पुरेल, हा प्रश्न प्रथम विचारावा, इतकाच या इतिहासाचा निष्कर्ष होय.